पेशीपृष्ठावरील साक्ष : डब्ल्यू ६/३२ या प्रतिपिंडाची ओळख

मानवी शरीरात विषाणूचा प्रवेश झाला म्हणजे शरीरापुढे दोन निरनिराळे प्रश्न उभे राहतात. रक्तात व इतर द्रवांत मोकळेपणी फिरणाऱ्या विषाणूला गाठणे हा पहिला प्रश्न. आणि पेशीच्या आत शिरून तेथे आपली संख्या वाढवीत बसलेल्या विषाणूला गाठणे हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यत्वेकरून प्रतिपिंड देतात. प्रतिपिंड ही रक्तातील विशिष्ट प्रथिने असून प्रत्येक प्रतिपिंड आपल्या आकाराशी जुळणाऱ्या एका विवक्षित परक्या पदार्थाला, म्हणजे प्रतिजनाला, चिकटतो. परंतु पेशीच्या आवरणातून प्रतिपिंडाला सहसा आत जाता येत नाही. आत दडलेला विषाणू त्याच्या आवाक्याबाहेर राहतो.

अशा वेळी विषाणूने ग्रासलेल्या पेशीचाच नाश करणे हा एक उपाय उरतो, आणि ते काम टी-लसिकापेशींपैकी मारक पेशी करतात. पण निरोगी पेशी कोणती व ग्रासलेली कोणती हे या मारक पेशींना बाहेरून ओळखता यावे कसे? या प्रश्नाचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रमाक्रमाने झाला. त्या शोधकार्यात ज्या साधनांचा फार उपयोग झाला, त्यांत प्रयोगशाळेत तयार केलेल्या एका प्रतिपिंडाचा समावेश होतो. त्याचे नाव ‘डब्ल्यू ६/३२’. हा प्रतिपिंड काय ओळखतो, तो कसा निर्माण झाला, त्याच्यामुळे कोणते ज्ञान हाती आले आणि त्याची साक्ष कोठपर्यंत ग्राह्य धरावी, हे या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

पेशी आपल्या अंतरंगाचे नमुने बाहेर मांडते

पेशीत प्रथिने सतत तयार होत असतात व जुनी किंवा सदोष प्रथिने सतत मोडली जात असतात. ही मोडतोड करणारी प्रोटिएसोम नावाची नळकांड्याच्या आकाराची एक यंत्रणा पेशीद्रवात असते. तिच्यातून प्रथिनांचे लहान लहान तुकडे बाहेर पडतात. अशा तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. यांपैकी बहुतेक तुकड्यांचे पुढे सुट्या अमिनो आम्लांत रूपांतर होते. परंतु थोडे तुकडे पेशीतील अंतर्द्रव्यजालिका नावाच्या पटलमय भागात नेले जातात. त्यांना तेथे नेणारे एक खास वाहक प्रथिन असून ते ‘टॅप’ या नावाने ओळखले जाते.

अंतर्द्रव्यजालिकेत या तुकड्यांची वाट पाहत एक प्रथिन उभे असते. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे सुमारे ४५,००० रेणुभाराची जड शृंखला. तिचे एक टोक पेशीच्या पटलात रुतलेले असते. दुसरा भाग म्हणजे ९९ अमिनो आम्लांची, सुमारे १२,००० रेणुभाराची, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाची लहान शृंखला. हे दोन्ही भाग एकत्र आले आणि जड शृंखलेच्या माथ्यावरील खोबणीत योग्य असे पेप्टाइड बसले, की तिघांचा मिळून एक स्थिर संयोग बनतो. हा संयोग नंतर पेशीच्या पृष्ठभागावर नेऊन बसविला जातो. या संपूर्ण क्रियेस प्रतिजनदर्शन असे नाव आहे.

मानवात या प्रथिनांना एचएलए वर्ग १ अशी संज्ञा आहे. त्यांचे तीन प्रमुख प्रकार असून ते ए, बी व सी या अक्षरांनी दर्शविले जातात. जड शृंखलेची जनुके सहाव्या गुणसूत्रावर आहेत, तर बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

केंद्रक असलेल्या बहुतेक सर्व मानवी पेशींच्या पृष्ठभागावर हे संयोग असतात. रक्तातील परिपक्व तांबड्या पेशींवर ते जवळजवळ नसतात. एका लसिकापेशीवर त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. प्रत्येक संयोगाच्या खोबणीत बहुधा आठ ते दहा अमिनो आम्ले लांबीचे एक पेप्टाइड असते. निरोगी पेशीत ही सर्व पेप्टाइडे शरीराच्या स्वतःच्याच प्रथिनांची असतात, म्हणून मारक टी-पेशी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. पेशीत विषाणू शिरला, की त्याचीही प्रथिने मोडली जातात व त्यांचे तुकडे खोबणीत दिसू लागतात. परके पेप्टाइड धारण केलेला संयोग ओळखणारी मारक पेशी जवळ आली, की ती त्या पेशीचा नाश करते.

मारक पेशीला विषाणूचा अंश एकटा दिसून भागत नाही. तो शरीराच्या स्वतःच्या प्रथिनाच्या सोबतीने दिसावा लागतो. हे तत्त्व १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी व रोल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवरील प्रयोगांतून प्रस्थापित केले. त्याबद्दल त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. खोबणीचा प्रत्यक्ष आकार मात्र १९८७ मध्ये दिसला. त्या वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पामेला ब्योर्कमन, डॉन वायली, जॅक स्ट्रॉमिंगर व त्यांचे सहकारी यांनी एचएलए-ए२ या प्रथिनाच्या स्फटिकांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास करून त्याची रचना प्रसिद्ध केली. आठ पट्ट्यांचा तळ व त्यावर दोन्ही बाजूंस दोन मळसूत्री भिंती, अशी ती खोबण आहे.

जुनी रक्तद्रव्ये व त्यांची मर्यादा

एचएलए प्रथिनांचा शोध मुळात वेगळ्याच वाटेने लागला. पुष्कळ वेळा रक्त चढविलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात इतर माणसांच्या श्वेतपेशींना चिकटणारे प्रतिपिंड आढळतात, हे फ्रान्समधील ज्याँ दोसे यांनी दाखविले व १९५८ मध्ये अशा एका प्रतिजनाचे वर्णन केले. त्याच वर्षी इतर संशोधकांना असे आढळले, की अनेक अपत्ये झालेल्या स्त्रियांच्या रक्तद्रवातही असे प्रतिपिंड असतात. गर्भाला निम्मे प्रतिजन पित्याकडून मिळालेले असतात; ते मातेच्या शरीराला परके वाटतात व ती त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करते.

अशा स्त्रियांनी दिलेल्या रक्तद्रवांच्या आधारावरच अवयवरोपणापूर्वी दाता व रुग्ण यांच्या प्रतिजनांची जुळणी तपासण्याची पद्धत उभी राहिली. सख्ख्या भावंडांत ही जुळणी पूर्णपणे होण्याचा संभव चारांत एक असतो, कारण प्रत्येक अपत्याला आईच्या दोन संचांपैकी एक व वडिलांच्या दोन संचांपैकी एक मिळतो. दोसे यांना या कार्याबद्दल १९८० मध्ये जॉर्ज स्नेल व बारुज बेनासेराफ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि या रक्तद्रवांत दोन उणिवा होत्या. पहिली उणीव अशी, की कोणताही रक्तद्रव हा अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण असतो. त्याचे गुणधर्म दात्यागणिक बदलतात, आणि बाटली संपली म्हणजे तंतोतंत तसाच रक्तद्रव पुन्हा मिळत नाही. एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीने पडताळून पाहावा, तर दोघींपाशी तेच साधन नसे.

दुसरी उणीव अधिक मूलगामी होती. मानवी मातेच्या शरीरात स्वतःचे एचएलए असतातच. म्हणून तिचे शरीर फक्त पित्याकडून आलेल्या वेगळेपणाविरुद्ध प्रतिपिंड करते. सर्व माणसांच्या एचएलएमध्ये जो भाग समान आहे तो तिच्या शरीराच्या परिचयाचा असल्याने त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होत नाही. परिणामी मानवी रक्तद्रवाने माणसामाणसांतील भेद उत्तम कळत, परंतु ‘या पेशीवर एचएलए वर्ग १ आहे की नाही, व असल्यास किती’ या साध्या प्रश्नाचे एकच खात्रीलायक उत्तर मिळत नसे. एचएलएच्या ज्ञात प्रकारांची संख्या आज हजारोंच्या घरात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही अडचण किती मोठी होती याची कल्पना येईल.

एकाच वंशाच्या पेशींचे प्रतिपिंड

या अडचणीतून मार्ग १९७५ मध्ये निघाला. इंग्लंडमधील केंब्रिज येथे, वैद्यकीय संशोधन परिषदेच्या रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळेत, अर्जेंटिनात जन्मलेले सेझार मिलस्टाइन व जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग कोहलर यांनी एक युक्ती योजिली. प्रतिपिंड तयार करणाऱ्या बी-लसिकापेशी शरीराबाहेर काढल्या, की थोड्याच दिवसांत मरतात. उलट मायलोमा नावाच्या कर्करोगाच्या पेशी काचपात्रात अमर्याद वाढतात, पण त्यांचा प्रतिपिंड आपल्याला हवा तो नसतो. या दोन पेशींचा संकर केला, तर हवा तो प्रतिपिंड निर्माण करणारी आणि अखंड वाढणारी पेशी मिळेल, असा हा विचार होता.

संकर झाल्यावर पात्रात तीन प्रकारच्या पेशी उरतात : संकरित पेशी, एकट्या राहिलेल्या मायलोमा पेशी व एकट्या राहिलेल्या प्लीहेच्या पेशी. यांतून संकरित तेवढ्या निवडण्याची रीत अशी. वापरावयाच्या मायलोमा पेशी मुद्दामच एका विशिष्ट विकराची उणीव असलेल्या घेतात. पोषकद्रावात अमिनोप्टेरिन हे औषध घातले, की पेशीचा डीएनए बनविण्याचा मुख्य मार्ग बंद होतो. दुसरा मार्ग चालू ठेवण्यासाठी हायपोझँथिन व थायमिडीन ही द्रव्ये दिलेली असतात, परंतु तो मार्ग वरील विकरावाचून चालत नाही. म्हणून मायलोमा पेशी मरतात. प्लीहेच्या पेशींत विकर असतो, पण त्या स्वभावतःच अल्पायुषी असतात. संकरित पेशीला एकीकडून विकर व दुसरीकडून दीर्घायुष्य लाभत असल्याने तीच तगते.

त्यानंतर या संकरित पेशी इतक्या विरळ करतात, की एकेका लहान खळग्यात एकच पेशी पडावी. तिच्यापासून वाढलेली सर्व संतती एकच प्रतिपिंड तयार करते. अशा प्रतिपिंडास एकवंशीय प्रतिपिंड म्हणतात. या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला गोठवून ठेवता येतात व पुढे केव्हाही जाग्या करून तोच प्रतिपिंड पुन्हा मिळविता येतो. बाटली संपण्याचे भय येथे उरले नाही. कोहलर व मिलस्टाइन यांना १९८४ मध्ये नील्स येर्ने यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

डब्ल्यू ६/३२ चा जन्म

कोहलर-मिलस्टाइन पद्धती प्रसिद्ध झाल्यावर तीनच वर्षांनी, १९७८ मध्ये, ऑक्सफर्ड येथील कॉलिन बार्नस्टेबल, वॉल्टर बॉडमर, अॅलन विल्यम्स प्रभृती संशोधकांनी केंब्रिजच्या मिलस्टाइन व गाल्फ्रे यांच्या सहकार्याने केलेले काम प्रकाशित झाले. मानवी गलग्रंथींतून मिळालेल्या लसिकापेशींची पटले त्यांनी उंदरांना टोचली. पुढे त्या उंदरांच्या प्लीहेतील पेशींचा मायलोमा पेशींशी संकर घडवून आणला. मिळालेल्या वंशांपैकी एकाचा प्रतिपिंड रक्तगट ‘ए’चा प्रतिजन ओळखणारा निघाला; त्याला डब्ल्यू ६/१ हे नाव पडले. दुसरा एक प्रतिपिंड मानवी पेशींवरील एचएलए ए, बी व सी या तिन्ही प्रकारांना चिकटत होता. तोच डब्ल्यू ६/३२.

मानवी मातेला जे शक्य नव्हते ते उंदराला साधले, याचे कारण आता स्पष्ट होईल. सर्व माणसांच्या एचएलएमध्ये समान असलेला भाग मातेला आपला वाटतो. उंदराच्या दृष्टीने तोही परकाच. म्हणून त्या समान भागाविरुद्ध उंदीर प्रतिपिंड तयार करू शकतो. माणसामाणसांतील भेद बाजूला सारून सर्वांना एकाच मापाने मोजणारे साधन अशा रीतीने प्रथमच हाती आले.

हा प्रतिपिंड खरोखर एचएलएच ओळखतो, याची परीक्षा अनेक अंगांनी झाली. त्यांपैकी एक परीक्षा फार बोधप्रद आहे. डाउडी नावाचा मानवी पेशींचा एक वंश प्रयोगशाळांत पूर्वीपासून वाढविला जात आहे. या पेशी जड शृंखला तयार करतात, परंतु बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन तयार करू शकत नाहीत. डाउडी पेशींना डब्ल्यू ६/३२ चिकटत नाही. यावरून असे दिसते, की दोन्ही शृंखला एकत्र आल्यावर जो आकार सिद्ध होतो तोच हा प्रतिपिंड ओळखतो. पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही जड शृंखलेतील १२१ वे व बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनमधील तिसरे अमिनो आम्ल या दोहोंचा त्याच्या चिकटण्यावर परिणाम होतो, असे आढळून आले.

या एका गुणामुळे डब्ल्यू ६/३२ चे मोल वाढले. सुटी पडलेली, अर्धवट घडलेली किंवा मोडकळीस आलेली जड शृंखला तो मोजत नाही. योग्य रीतीने जुळलेला संयोग तेवढाच मोजतो. सुट्या जड शृंखला ओळखणारा एचसी-१० नावाचा दुसरा प्रतिपिंड पुढे उपलब्ध झाला. दोघांचे निष्कर्ष शेजारी ठेवले, की पेशीतील किती शृंखला जुळून तयार आहेत व किती अजून विस्कळीत आहेत, हे समजते.

प्रतिपिंडाचा उपयोग कसा करतात

पेशीपृष्ठावरील संयोगांची मोजणी हा सर्वांत साधा उपयोग होय. प्रतिपिंडाला एक रंगद्रव्य जोडतात; या द्रव्यावर निळा प्रकाश पडला, की ते हिरवा प्रकाश बाहेर टाकते. जिवंत पेशी अशा प्रतिपिंडाच्या द्रावणात थंडाव्यात काही काळ ठेवून नंतर धुऊन घेतात. मग त्या एका बारीक प्रवाहातून एकामागून एक अशा लेसर किरणासमोरून जाऊ देतात. प्रत्येक पेशीतून निघणारा हिरवा प्रकाश यंत्र मोजते. प्रकाश जितका अधिक, तितके पृष्ठभागावरील संयोग अधिक. काही मिनिटांत हजारो पेशींची अशी मोजणी होते. इंटरफेरॉन-गॅमा या द्रव्याच्या सान्निध्यात पेशींवरील एचएलए वर्ग १ चे प्रमाण वाढते, ही गोष्ट अशा मोजणीने सहज दिसून येते.

दुसरा उपयोग संयोग वेगळा काढण्याचा. पेशींना किरणोत्सर्गी गंधक असलेले अमिनो आम्ल थोडा वेळ दिले, की त्या वेळी तयार झालेली प्रथिने चिन्हांकित होतात. ठरावीक अंतराने पेशींचा थोडा थोडा भाग सौम्य द्रावकात विरघळवून त्यातून डब्ल्यू ६/३२ च्या साहाय्याने संयोग ओढून काढतात. अशा रीतीने जड शृंखला केव्हा तयार झाली, लहान शृंखलेशी केव्हा जुळली व अंतर्द्रव्यजालिका सोडून पुढे केव्हा निघाली, याचे वेळापत्रकच मांडता येते.

तिसरा उपयोग खोबणीतील पेप्टाइडे मिळविण्याचा. कोट्यवधी पेशी विरघळवून तो द्राव डब्ल्यू ६/३२ बांधलेल्या कणांच्या स्तंभातून सोडतात. संयोग कणांवर अडकतात, बाकीचे वाहून जाते. नंतर आम्लाने स्तंभ धुतला, की संयोग सुटे होऊन पेप्टाइडे बाहेर पडतात. द्रव्यमान-वर्णपटमापकाने त्यांतील अमिनो आम्लांचा क्रम शोधून काढतात. जर्मनीतील ट्युबिंगेन येथे हान्स-गेओर्ग रामेन्झे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये, एचएलएच्या प्रत्येक प्रकाराला पेप्टाइडाच्या विशिष्ट जागी विशिष्ट अमिनो आम्ले लागतात, हे दाखवून दिले. उदाहरणार्थ, एचएलए-ए२ मध्ये बसणाऱ्या पेप्टाइडात बहुधा दुसऱ्या जागी ल्युसीन व शेवटी व्हॅलीनसारखे अमिनो आम्ल असते. आज अशा एका प्रयोगातून हजारो पेप्टाइडे ओळखली जातात. अर्बुदाच्या पेशी कोणती पेप्टाइडे प्रत्यक्ष बाहेर मांडतात हे पाहून त्यांवर लस योजण्याचे प्रयत्न चालू आहेत. केवळ जनुकांच्या वाचनावरून केलेला तर्क व खोबणीतून प्रत्यक्ष काढलेला तुकडा यांत दुसऱ्याचे प्रामाण्य अर्थातच अधिक.

विषाणू व अर्बुद यांचे डावपेच

पेशीपृष्ठावरील साक्ष आपल्याविरुद्ध जाते, म्हणून ती दडपण्याचे उपाय अनेक विषाणूंच्या ठायी उत्क्रांतीच्या ओघात निर्माण झाले आहेत. एकवंशीय प्रतिपिंडांच्या साहाय्यानेच यांपैकी पुष्कळ उपाय उघडकीस आले.

अॅडेनोव्हायरसचे एक प्रथिन तयार झालेल्या संयोगांना अंतर्द्रव्यजालिकेतच अडवून ठेवते. हे १९८५ च्या सुमारास दिसून आले. नागीण प्रकारच्या विषाणूंपैकी हर्पिस सिम्प्लेक्स याचे एक लहान प्रथिन टॅप वाहकाचे तोंडच बंद करते, त्यामुळे पेप्टाइडे आत पोहोचत नाहीत. मानवी सायटोमेगॅलोव्हायरसची दोन प्रथिने नुकत्याच तयार झालेल्या जड शृंखलेला अंतर्द्रव्यजालिकेतून परत पेशीद्रवात खेचतात व तेथे प्रोटिएसोमकडून तिची मोडतोड होते. ही क्रिया १९९६ मध्ये उलगडली. त्याच वर्षी असेही प्रसिद्ध झाले, की एड्सच्या विषाणूचे नेफ नावाचे प्रथिन पृष्ठभागावर पोहोचलेले संयोग पुन्हा आत ओढून घेते. मार्ग निरनिराळे असले, तरी परिणाम एकच : पृष्ठभागावरील डब्ल्यू ६/३२ चा प्रकाश मंदावतो.

पृष्ठभाग रिकामा केलेल्या पेशीला अभय मिळते असे मात्र नाही. १९८६ मध्ये स्वीडनमधील क्लास केरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की निसर्गमारक पेशी नावाच्या दुसऱ्या एका प्रकारच्या लसिकापेशी ज्या पेशींवर स्वकीय खूण नाही अशांवरच हल्ला करतात. यामुळे विषाणूला एकीकडून सुटावे तर दुसरीकडे सापडावे, असा पेच पडतो. एड्सच्या विषाणूचे नेफ प्रथिन प्रामुख्याने एचएलए-ए व एचएलए-बी काढून घेते आणि एचएलए-सी बरेचसे जागेवर राहू देते, याचा अर्थ या पेचाच्या संदर्भात लावला जातो.

अर्बुदांच्या बाबतीत हा विषय रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. टी-पेशींवरील रोध दूर करून त्यांना अर्बुदावर सोडणारी औषधे अलीकडच्या काळात उपचारांत आली असून काही रुग्णांत त्यांचा दीर्घकाळ गुण येतो. परंतु काहींत अर्बुद आधी ओसरते व पुढे पुन्हा वाढते. २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या अशा चार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील एका रुग्णाच्या पुन्हा वाढलेल्या अर्बुदात बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचे जनुक बिघडलेले आढळले व त्या पेशींच्या पृष्ठभागावरून एचएलए वर्ग १ नाहीसे झालेले होते. डाउडी पेशींवरील निरीक्षण येथे आठवावे. लहान शृंखला नसेल तर संयोगच बनत नाही; संयोग नसेल तर मारक पेशीला दिसण्यासारखे काही उरत नाही. अशा अर्बुदापुढे टी-पेशींना कितीही उत्तेजन दिले तरी ते व्यर्थ जाते. अर्बुदाच्या पेशींवर एचएलए वर्ग १ आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

साक्ष कोठपर्यंत ग्राह्य धरावी

कोणत्याही साधनाप्रमाणे डब्ल्यू ६/३२ लाही मर्यादा आहेत, आणि त्या जाणून घेतल्यावाचून त्याचा उपयोग केल्यास फसगत होते.

पहिली मर्यादा अशी, की तो सर्व प्रकारांची बेरीज सांगतो, फोड सांगत नाही. वर उल्लेखिलेल्या एड्सच्या विषाणूच्या बाबतीत प्रकाश थोडा मंदावला एवढेच तो दाखवील. ए व बी गेले आणि सी राहिले, हे सांगण्यास निरनिराळे प्रकार ओळखणारे प्रतिपिंड हवेत. एचएलए-ए२ साठी वापरला जाणारा बीबी ७.२ हा त्यांपैकी एक होय. तसेच खोबणीत विषाणूचे पेप्टाइड आहे की स्वतःचे, हेही डब्ल्यू ६/३२ सांगू शकत नाही. साक्षीदार हजर आहे एवढे तो कळवितो. साक्ष काय दिली ते नाही.

दुसरी मर्यादा त्याच्या गुणातूनच उत्पन्न होते. तो जुळलेल्या संयोगाचा आकार ओळखतो. तेव्हा प्रथिने उकळून व शृंखला उलगडून केलेल्या परीक्षेत त्याचा उपयोग होत नाही. फॉर्मालिनमध्ये ठेवून मेणात बसविलेल्या ऊतींच्या कापांपेक्षा गोठविलेल्या कापांवर तो अधिक भरवशाचा ठरतो. मेणातील कापावर त्याचा प्रकाश दिसला नाही, तर दोष अर्बुदाचा की काप तयार करण्याच्या रीतीचा, हे ठरविणे कठीण जाते.

तिसरी गोष्ट खोट्या होकाराची. प्रतिपिंडाची शेपटी पकडणारी ग्राहक प्रथिने पुष्कळ श्वेतपेशींवर असतात. त्यामुळे ज्या पेशीवर एचएलए नाही तिलाही प्रतिपिंड शेपटीकडून चिकटू शकतो. म्हणून दक्ष संशोधक ही ग्राहके आधी झाकून टाकतात आणि त्याच जातीचा, म्हणजे उंदराच्या आयजीजी-२ए वर्गातील, परंतु एचएलएशी संबंध नसलेला प्रतिपिंड सोबत वापरून पाहतात. त्याच्यापेक्षा डब्ल्यू ६/३२ चा प्रकाश जितका अधिक, तितकाच खरा मानावयाचा. याशिवाय डाउडी पेशींसारख्या, नकार ठाऊक असलेल्या पेशी व होकार ठाऊक असलेल्या पेशी प्रत्येक प्रयोगात शेजारी ठेवावयाच्या. ठाऊक असलेल्या प्रश्नांची उत्तरे बरोबर आली, तरच ठाऊक नसलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वीकारावयाचे.

नकाराचा अर्थ लावताना तर विशेष सावधगिरी बाळगावी लागते. प्रकाश दिसला नाही, तर त्याची कारणे अनेक संभवतात : जड शृंखलेचे जनुक मंद झाले असेल, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नसेल, टॅप वाहक बंद पडल्याने पेप्टाइडे मिळत नसतील व रिकामे संयोग टिकत नसतील, किंवा तयार झालेला संयोग विषाणूने मध्येच अडविला असेल. यांपैकी खरे कारण कोणते, हे ठरविण्यास एचसी-१० सारखे इतर प्रतिपिंड, जनुकांची तपासणी व पेशींवर इंटरफेरॉन-गॅमाचा प्रयोग, अशा वेगवेगळ्या परीक्षा एकत्र कराव्या लागतात. जनुक केवळ मंद झाले असेल, तर इंटरफेरॉनने प्रकाश पुन्हा वाढण्याची आशा असते. लहान शृंखलेचे जनुकच तुटले असेल, तर ती आशा नसते. उपचाराच्या दृष्टीने या दोहोंतील अंतर फार मोठे आहे.

उपसंहार

डब्ल्यू ६/३२ निर्माण करणारा संकरित पेशींचा वंश अमेरिकेतील पेशीसंग्रहालयात एचबी-९५ या क्रमांकाने जतन केलेला असून निरनिराळ्या देशांतील संशोधक त्याचा उपयोग करीत आले आहेत. ज्या उंदरापासून तो निघाला त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांहून अधिक नसते. परंतु त्या उंदराच्या एका पेशीने परक्या प्रथिनाला दिलेले उत्तर आजही हुबेहूब मिळविता येते. १९७८ मध्ये ऑक्सफर्डला केलेले मापन व आज अन्यत्र केलेले मापन यांची तुलना करता येते, ती यामुळेच. शास्त्रात एकाच्या निष्कर्षाची पारख दुसऱ्याला करता आली पाहिजे, आणि त्यासाठी दोघांच्या हाती एकच मोजपट्टी असावी लागते. रोग बरा करण्याची शक्ती या प्रतिपिंडाच्या अंगी नाही. पण पेशीने आपल्या अंतरंगाची साक्ष पृष्ठभागावर मांडली आहे किंवा नाही, हे तो सांगतो, आणि टी-पेशींवर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येक उपचाराची पहिली अट तीच आहे.